मनमाडचा इशारा : जात, वर्ग आणि भांडवलशाही



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघते आहे. ती आपल्या घरोघरी जाईल. आजोबा वाचतील, सून वाचेल, दहावी-बारावीला असलेली पोरं चाळतील. म्हणून या पानांवर असा विषय घ्यावा असे वाटले, की ज्याचे नाव आपण नेहमी ऐकतो, पण अर्थ विचारला तर गप्प होतो. समाजवाद, वर्ग, भांडवलशाही हे ते शब्द. भाषणात ते सर्रास येतात. पण एखाद्या तरुणाने उठून विचारले, "भांडवलशाही म्हणजे नेमके काय? आणि आपला लढा तर जातीविरुद्ध आहे, मग तिचा आपल्याशी काय संबंध?" तर त्याला सरळ उत्तर मिळत नाही.

आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, महाडच्या तळ्याचे आणि नागपूरच्या दीक्षाभूमीचे बाबासाहेब ओळखतो. पण मजुरांचा पक्ष काढणारे, संपाची हाक देणारे, जमीन आणि कारखाने कोणाच्या मालकीचे असावेत याचा आराखडा मांडणारे बाबासाहेब आपल्या घराच्या भिंतीवरच्या फोटोत सहसा दिसत नाहीत. हा लेख त्या बाबासाहेबांविषयी आहे. त्यांनी मनमाडला मजुरांना दिलेला इशारा नीट समजला, तर वरच्या तरुणाला उत्तर मिळते.

बलुत्यापासून रोजापर्यंत

आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. पाचोड, पैठण, सगळा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जमीन जहागीरदार, देशमुख, पाटील आणि सावकार यांच्या हाती. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला महारकी. गावची राखण, सांगावा पोचवणे, सारा भरायला लोकांना बोलावणे, मेलेले ढोर ओढणे. त्याबद्दल काय मिळायचे? खळ्यावरचे बलुते, घरोघरची भाकर, आणि असलाच तर हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. काम किती तास, मोबदला किती, याचा कुठे हिशेब नव्हता. काम सोडायची सोय नव्हती, कारण ते जन्माने चिकटलेले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबाबतचे बिल मांडले ते यासाठीच. वतन हे मानाचे नाव होते, पण प्रत्यक्षात ती सगळ्या गावाची वेठ होती.

मग गिरण्या आल्या, रेल्वे आली. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले. कोकणातून, घाटावरून, आपल्या बाजूने माणसे तिकडे निघाली. गिरणीत माणूस कोणाचा वतनदार नव्हता. तो मोकळा होता. पण मोकळा म्हणजे कसा? गाव सुटले, बलुते सुटले, जमीन नव्हतीच. हातात उरले फक्त हात. ते हात रोज सकाळी भोंगा वाजला की गिरणीच्या दारात विकायला न्यायचे, एवढेच स्वातंत्र्य.

ज्याच्याकडे स्वतःची मेहनत विकण्याशिवाय जगण्याचे दुसरे साधन नाही, तो मजूर. ज्याच्याकडे जमीन, यंत्र, गिरणी, पैसा आहे आणि जो दुसऱ्याची मेहनत विकत घेऊन त्यावर नफा मिळवतो, तो भांडवलदार. माणूस या दोहोंत कुठे उभा आहे, उत्पादनाची साधने त्याच्या हाती आहेत की नाहीत, यावरून त्याचा वर्ग ठरतो. श्रीमंत-गरीब एवढाच हा फरक नाही. चांगला पगार घेणारा कारागीरसुद्धा उद्या कामावरून कमी केला तर दोन महिन्यांत उधारीवर येतो. मालकाचे तसे होत नाही.

खिशातला प्रत्येक पैसा भांडवल नसतो हेही ध्यानात घ्यावे. मायने सणासाठी डब्यात जपून ठेवलेले पाचशे रुपये ही बचत झाली. तेच पैसे दुसऱ्याला कामाला लावून वाढवण्यासाठी घातले की ते भांडवल होते. आणि ज्या व्यवस्थेत जवळजवळ सगळे उत्पादन माणसांची गरज भागवण्याआधी नफ्याच्या हिशेबाने चालते, ती भांडवलशाही.

नफा येतो कुठून?

हा प्रश्न जर्मनीत १८१८ साली जन्मलेल्या कार्ल मार्क्सने आयुष्यभर लावून धरला. १८४८ साली त्याने आपला मित्र एंगेल्स याच्याबरोबर कम्युनिस्टांचा जाहीरनामा लिहिला, आणि १८६७ साली 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या म्हणण्याचा गाभा आपल्या भाषेत असा सांगता येईल.

समजा, एका कारखान्यात एक मजूर आठ तास काम करतो. कच्चा माल, वीज, यंत्राची झीज हे सगळे वजा केल्यावर त्याच्या मेहनतीने मालाची जी किंमत वाढली ती आठशे रुपये. त्याला रोज मिळाला चारशे. म्हणजे पहिल्या चार तासांत त्याने आपला रोज भरून काढला. उरलेले चार तास त्याने जे निर्माण केले त्याचा मोबदला त्याला मिळाला नाही. ते मालकाकडे गेले. याला मराठीत 'वरकड मूल्य' म्हणतात. यात कोणी मजुराच्या खिशात हात घालून चोरी केली असे नाही. ठरलेला रोज ठरल्याप्रमाणे दिला. तरीही मेहनतीचा एक हिस्सा दुसरीकडे वळला. मार्क्सचे म्हणणे असे, की मालक स्वभावाने चांगला असो की वाईट, ही व्यवस्था चालतेच अशी.

मालक म्हणतो, "मी पैसा घातला, मी जोखीम घेतली." खरे आहे, जोखीम असते. पण धंदा बुडाला तर मालकाचे भांडवल जाते आणि मजुराची चूलच विझते. मजुराची ही जोखीम कोणत्याच वहीत लिहिलेली नसते. म्हणून समाजवादी विचार सांगतो, की ज्या साधनांवर हजारोंचे पोट आहे ती साधने मूठभरांच्या खासगी मालकीची नसावीत, समाजाच्या मालकीची असावीत. समाजवादाचे पुष्कळ पंथ आहेत, त्यांची आपसांत भांडणे आहेत, पण हा मुद्दा सर्वांत समान आहे.

आपल्याकडे ही जाणीव मार्क्सची पुस्तके येण्याआधीच उगवली होती, हेही विसरू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकरी कसा नागवला जातो ते मांडले. त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेऊन त्यांची संघटना उभी केली. आठवड्याच्या सुट्टीसाठी ते झगडत राहिले आणि १८९० च्या जून महिन्यापासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. आज आपण रविवारी विहारात वंदनेला निवांत बसतो, त्या रविवारमागे या माणसाची मेहनत आहे.

साचेखात्याचे दार

आता खरा पेच येतो. मार्क्सने सांगितले, मजुरांचा एक वर्ग आहे. पण मुंबईच्या गिरणीत मजूर खरोखर एक होते का?

गिरणीत दोन मोठी खाती. एक सूत कातण्याचे, दुसरे कापड विणण्याचे. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचेखात्यात, पगार जास्त. पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाचे तोंड लागलेल्या धोट्याला आपले तोंड कसे लावायचे, म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. म्हणजे दोघेही मजूर, दोघांचाही मालक एक, दोघेही त्याच गिरणगावात राहणारे, पण विटाळ मध्ये उभा.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने मोठा संप चालला. गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्याखाली हजारो कामगार बाहेर पडले. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना खडसावून विचारले, की तुमच्या मागण्यांत साचेखाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणी आहे का? नसेल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का उपाशी मरावे? पुढाऱ्यांनी नाराजीने का होईना, ती मागणी यादीत घातली. पुढे चौकशी समितीसमोर गिरणीमालकांनी हात झटकले. त्यांचे म्हणणे असे, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही.

ही गोष्ट बारकाईने पाहावी. मालकाने दार लावले नव्हते हे त्याचे बोलणे एका अर्थी खरेच होते. दार लावले होते शेजारच्या मजुराने. पण त्या बंद दाराचा फायदा कोणाला? मजुरांत फूट राहिली, एक गट कायम कमी पगारावर मिळत राहिला, तर लाभ मालकाचाच. जातीने वाढले आणि भांडवलाने खाल्ले, असा तो प्रकार होता.

१९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी हेच तत्त्वाच्या रूपात मांडले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना बोलावले आणि मजकूर पाहून परिषदच रद्द केली, म्हणून त्यांनी ते भाषण छापून काढले. त्यातला मुद्दा असा. काम वाटून घेणे निराळे आणि काम करणारी माणसेच एकावर एक खालीवर रचून ठेवणे निराळे. जात दुसरा प्रकार करते. समाजवाद्यांना त्यांनी विचारले, की क्रांती झाल्यावरही आपल्याला बरोबरीची वागणूक मिळेल याची खात्री नसेल, तर गरीब माणूस त्या क्रांतीसाठी तुमच्या मागे येईल कशाला? त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही.

स्वतंत्र मजूर पक्ष आणि मनमाड

१९३६ च्या ऑगस्ट महिन्यात बाबासाहेबांनी नवा पक्ष काढला. नाव काय दिले? स्वतंत्र मजूर पक्ष. नावात जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाने मुंबई इलाख्यात उभे केलेले बहुतेक उमेदवार निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल कायदेमंडळात आणले. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून दोन्हीकडून खाणारा. त्याच्या जाचाखाली कुणबीही होता आणि महारही होता. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कायदेमंडळावर हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, त्यात कम्युनिस्ट पुढारीही बरोबर होते. जगात खऱ्या अर्थाने दोनच वर्ग आहेत, श्रीमंत आणि गरीब, अशा आशयाचे बाबासाहेबांचे बोलणे त्या दिवशीचे आहे.

त्यानंतर महिनाभराने, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. मनमाड म्हणजे काही परके गाव नाही. निजामाची रेल्वे औरंगाबादहून मनमाडला जाऊन मोठ्या लाइनीला मिळायची. मराठवाड्यातला माणूस पोट भरायला निघाला की मुंबईच्या वाटेवर पहिले मोठे जंक्शन तेच.

तिथे बाबासाहेबांनी मजुरांना सांगितले, की तुमचे शत्रू दोन आहेत. एक ब्राह्मणशाही, दुसरी भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीतली माणसे असा अर्थ घेऊ नका, असे त्यांनी लगेच बजावले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारणारी जी वृत्ती, ती ब्राह्मणशाही. ती कोणत्याही जातीत असू शकते. कामगारांतही असते.

आणि ही हवेतली गोष्ट नव्हती. समोर बसलेल्या रेल्वे मजुरांचे उदाहरण त्यांनी दिले. आपली माणसे रेल्वेत कुठे होती? बहुतेक गँगमन. रुळांवर, उन्हातान्हात, वर्षानुवर्षे त्याच जागी. बढती नाही. साधा पोर्टरही होता येत नव्हते, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी घरकामाला वापरला जाई आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नसे. रेल्वेच्या कारखान्यांतही कुशल कामावर आपली माणसे विरळाच.

त्या काळी कामगार पुढाऱ्यांचा एक आक्षेप असायचा, की अस्पृश्य मजुरांची वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता. बाबासाहेबांचे उत्तर साधे होते. फूट आम्ही पाडलेली नाही, ती आहेच. एकाने दुसऱ्याचा हक्क विटाळाच्या नावाखाली अडवायचा आणि वर एकीचा उपदेश करायचा, याने एकी होत नाही. एकी करायची तर सवर्ण मजुराला जाऊन सांगा, की तू करतोस ते चूक आहे. मजुरांनी संघटना करावी, पण राजकारण दुसऱ्याच्या हाती सोपवून बसू नये, हाही त्यांचा सल्ला होता.

वरच्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर या इशाऱ्यात आहे. फक्त भांडवलशाहीशी लढाल आणि जात तशीच ठेवाल, तर साचेखात्याचे दार बंदच राहील. फक्त जातीशी लढाल आणि भाकरीचा हिशेब सोडून द्याल, तर दार उघडेल पण आत गेल्यावर पिळवणूक तीच. दोन्ही लढे एकाच वेळी लढायचे आहेत.

एकत्र लढताना

बाबासाहेब वेगळे राहायचे म्हणून वेगळे राहिले नाहीत. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. त्यात संपावर बंधने होती, काही संप बेकायदा ठरत होते. बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संप करायचा हक्क काढून घेतला, तर मजुराच्या स्वातंत्र्याला काही अर्थ उरत नाही, ही त्यांची भूमिका. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. ज्या पुढाऱ्यांशी दहा वर्षांपूर्वी साचेखात्यावरून वाद झाला होता, त्यांच्यापैकी काहींच्या बरोबर बाबासाहेब त्या दिवशी उभे होते. पोलिसांनी गोळीबार केला. तरी संप झाला.

त्याच वर्षाच्या शेवटी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, आपल्या जिल्ह्यात कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. भाऊसाहेब मोरे यांनी ती घडवून आणली. निजामी राजवटीत पिचलेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांचा शब्द प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. आजही दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि मजूर यांनी एकत्र बसून प्रश्न सोडवण्याची पद्धत त्या काळात रुळली. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज कंपनीत आठ तासांवर काम झाले की पोरं ओव्हरटाइम मागतात, त्या मागणीमागे हा इतिहास आहे.

१९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी समाजवादाचा आराखडाच मांडला. मोठे व मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे. विमा सरकारचा. शेती हाही सरकारी उद्योग. सरकारने जमीन ताब्यात घेऊन ठरावीक आकाराची शेते पाडावीत, ती जातपात न बघता गावातल्या कुटुंबांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावीत. म्हणजे जमीनदारही नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही. आणि ही व्यवस्था घटनेतच लिहावी, म्हणजे निवडून आलेले कोणतेही बहुमत ती सहज मोडू शकणार नाही. हा आराखडा घटनेत आला नाही. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी देशाला सावध केले, की राजकारणात आपण समान होऊ, पण समाजात आणि अर्थकारणात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेत भरडलेले लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील.

मराठवाड्याची जमीन

हा आराखडा कागदावर राहिला, तरी जमिनीची भूक कागदावर राहणारी नव्हती. बाबासाहेब हयात असतानाच, १९५३ साली औरंगाबाद जिल्ह्यात भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. नेतृत्व कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे. १९५९ साली पुन्हा मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीन रस्त्यावर आले. आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. बाया लेकरांना कडेवर घेऊन गेल्या. मागण्यांत पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाची अंमलबजावणी करा, या होत्या, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, हीसुद्धा होती. ते तैलचित्र १९९० साली लागले. जमिनीची मागणी मात्र अजून पुरी झालेली नाही. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. काहींच्या नावावर सात-बारा झाला, कित्येकांचा झाला नाही. गायरान कसणाऱ्या आपल्या घरांत हा कागद आजही शोधला जातो.

या लढ्यावरून आपल्यातच भांडणेही झाली, ती झाकून ठेवू नयेत. दादासाहेब कम्युनिस्टांच्या नादी लागले असा आरोप आपल्याच काही शिकलेल्या पुढाऱ्यांनी केला आणि रिपब्लिकन पक्षात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. १९७२ साली दलित पँथर निघाली. तिच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया असे सगळे पिळलेले लोक दलित म्हणून धरले होते. त्यावरूनच पुढे राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यात फूट पडली. बुद्ध की मार्क्स, असा तो वाद होता. मनमाडला दोन शत्रू एकत्र सांगितले होते, आणि आपण एकेक शत्रू वाटून घेऊन आपसांत भांडत बसलो.

बुद्ध की मार्क्स या प्रश्नावर बाबासाहेब स्वतः शेवटच्या दिवसांत बोलले. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी दोघांची तुलना केली. मार्क्स ज्याला पिळवणूक म्हणतो, त्याला बुद्धाच्या भाषेत दुःख म्हणता येईल. पिळवणूक संपली पाहिजे, याबद्दल दोघांत मतभेद नाही. मतभेद मार्गाबद्दल. मारून, दडपून आणलेली समता दडपशाही उठली की टिकत नाही. माणसाचे मन बदलून आणलेली टिकते. भिक्खूसंघात खासगी मालमत्तेला जागा नव्हती, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे मार्क्सने उभा केलेला प्रश्न त्यांनी टाकून दिला नाही. त्याला बुद्धाचे उत्तर दिले.

आज आपल्या आजूबाजूला

मुंबईच्या गिरण्या आता नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक करून त्या मोडीत निघाल्या आणि त्या जागी टॉवर उभे राहिले. पण वर्ग संपला का? आपल्याच भागात पाहू.

दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोघे राबतात, हिशेब एका कोयत्याचा. बाईची मेहनत वहीत वेगळी दिसतच नाही. वरकड मूल्याचा यापेक्षा सोपा धडा दुसरा नाही.

वाळूज, शेंद्रा, चितेगावच्या कंपन्यांत आपली पोरं जातात. बऱ्याच जणांच्या हातात कंपनीचे पत्र नसते, ठेकेदाराचे कार्ड असते. एकाच मशीनवर कायम कामगार आणि ठेकेदारीतला पोरगा शेजारी उभे, काम तेच, पगार वेगळा.

गावात पाहा. दोन एकरवाला शेतकरी कापूस आणि मोसंबी व्यापाऱ्याला घालताना भावासाठी हात जोडतो, तेव्हा तो पिळला जातो. तोच खुरपणीला बाया लावतो आणि रोज पाडून मागतो, तेव्हा तो मालक असतो. एकच माणूस दोन्हीकडे. त्याची जात कोणतीही असो. अशा शेतकऱ्याला शत्रू समजायचे की सोबती, हे मजुरांनी शहाणपणाने ठरवायचे आहे. १९३८ च्या मोर्चात कुणबी आणि महार एकत्र चालले होते, हे आठवावे.

आणि हेही पाहा. साफसफाईचे, गटारीचे काम आजही कोणत्या वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला येते? ठेकेदार नवा, करारपत्र नवे, पण कामाला उभा राहणारा माणूस जुन्याच वस्तीतला. मनमाडचे दोन्ही शत्रू इथे एकाच कामात एकत्र सापडतात.

म्हणून तरुणांना विनंती आहे. कोणतीही नवी योजना, नवा कायदा, नवी कंपनी आली, की दोन प्रश्न विचारायचे. यात मेहनत कोणाची आणि मालकी कोणाची? आणि यात वरच्या जागेवर कोण, खालच्या जागेवर कोण, आणि ते तसेच का? पहिला प्रश्न वर्गाचा, दुसरा जातीचा.

विहारात वंदनेनंतर महिन्यातून एक रविवार या वाचनासाठी ठेवता येईल. मनमाडचे भाषण आणि 'राज्ये आणि अल्पसंख्याक' दोन्ही मराठीत मिळतात. आणि आणखी एक काम त्याहून तातडीचे आहे. १९६४ च्या सत्याग्रहात जे तुरुंगात गेले, त्यांच्यातली जी माणसे आज हयात आहेत ती नव्वदीच्या आसपास असतील. आपल्या घरात, नात्यात, शेजारच्या गावात असे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. कोणत्या जेलात होते, किती दिवस, बरोबर कोण होते, घरी चूल कोणी पेटवली, हे वहीत उतरवून घ्या. पुढच्या स्मरणिकेत ती पाने छापू.

जयभीम! नमो बुद्धाय!